कंस होईपर्यंत

ऑनलाइन अर्ज भरताना आमच्याकडच्या माणसाची पहिली परीक्षा जिल्ह्यांच्या यादीतच होते. 'ध'पाशी थांबायचं की 'उ'पाशी, हे ती यादी कुठल्या साली केली त्यावर ठरतं. फेब्रुवारी २०२३मध्ये केंद्राने उस्मानाबादचं धाराशिव करायला मंजुरी दिली, सप्टेंबरात जिल्ह्या-तालुक्याची अधिसूचना निघाली, पाट्या रंगल्या. संगणकाचं काम मात्र रंगाच्या डब्यावर भागत नाही. क्लाऊडवरच्या एकाच तक्त्यातून दहा ठिकाणची अ‍ॅप वाचत असतात. एकाने रकान्याला हात लावला की बाकीची नऊ 'असा जिल्हाच नाही' म्हणून मोकळी!

संगणकवाले याला स्कीमाच्या, म्हणजे तक्त्याच्या रचनेच्या, व्हर्जन सांभाळणं म्हणतात आणि त्यावर गंभीर चेहऱ्याने बैठका घेतात. निष्कर्ष साधारण असा निघतो : जुना रकाना लगेच पुसू नका, शेजारी नवा काढा, काही दिवस दोन्ही भरा, सगळे नव्याकडे वळले की मगच जुना बंद करा.

तलाठ्याला हे शिकवायला कुणी आलं नव्हतं. (त्याचंही पद २०२४मध्ये 'ग्राम महसूल अधिकारी' झालं, गाव अजून जुन्या व्हर्जनवरच आहे.) आजोबा वारले म्हणून सातबाऱ्यावरून कुणी त्यांना पुसत नाही. फेरफार पडतो, नावाला कंस होतो, खाली वारस लागतात. २०२०मध्ये सातबाऱ्याचा नमुनाच बदलला, तेव्हा कंसावर आडवी रेघही आली. पण रेघेखालचे आजोबा वाचता येतात. सोसायटीचं कर्ज फिटलं तरी बोजाला कंस व्हायचा राहतो, आणि मग शेतकरी तालुक्याला खेटे घालतो. संगणकाच्या भाषेत हे अर्धवट राहिलेलं मायग्रेशन, म्हणजे जुन्यातून नव्यात जाणं. आमच्याकडे त्याला 'उद्या या' म्हणतात.

खुद्द जिल्ह्याचाही फेरफार काही पहिला नाही. निजामाच्या राज्यात तो आधी नळदुर्गच्या नावाने चालायचा, १९८२मध्ये त्यातून लातूर वेगळं निघालं. गाड्यांवरचा एमएच-२५ मात्र नामांतरातही हलला नाही. नावाऐवजी नंबरावर भिस्त ठेवावी, हे आरटीओने आधीच ताडलं होतं म्हणायचं.

राहिली उस्मानाबादी शेळी. काळी, काटक, बहुतेकदा जुळी करडं देणारी. जातीच्या सरकारी नोंदीत ती त्याच नावाने आहे आणि अधिसूचनेत तिचा उल्लेख नाही. बाजारात जाऊन 'धाराशिवी शेळी केवढ्याला?' विचारून बघा. विकणारा तुम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळेल, गिऱ्हाईक शिकलेलं दिसतंय म्हणेल, आणि भाव पाचशेने वाढवून सांगेल.