ऑस्कर पाहू इच्छिणाऱ्यांसाठी प्राथमिक सूचना

लॉस एंजेलिसमध्ये रविवारची संध्याकाळ असते, तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट उजाडायची असते. म्हणून रजा आठवडाभर आधी टाकावी. कारण 'घरगुती कार्यक्रम' असे लिहावे. रात्री झोपताना घरच्यांना निक्षून सांगावे, की यंदा आपण ते थोतांड पाहणार नाही. मग गजर लावावा.

हे व्रत तुच्छतेवाचून फळत नाही. ती अंगी नसेल तर बाणवावी. सामग्री मुबलक आहे. 'सिटिझन केन'ला डावलून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली'ला मिळाला. हिचकॉकला दिग्दर्शनाचे ऑस्कर कधीच मिळाले नाही. कुब्रिकला उभ्या आयुष्यात एकच मिळाले, तेही '२००१: अ स्पेस ओडिसी'मधल्या स्पेशल इफेक्ट्ससाठी. एवढे पाठ असले तरी पुरते. थोडी प्रगती झालेल्यांनी पुढचा दाखला वापरावा : एखाद्या विभागातले नामांकन मिळालेले सगळे चित्रपट पाहिल्याशिवाय तिथे अंतिम मत देता येणार नाही, असा नियम अकादमीने २०२५ साली जाहीर केला. पुरस्कार सुरू झाले १९२९ साली. मधल्या काळात काय चालले होते, असे उपस्थितांना विचारून चहा टाकायला उठावे.

१९२९चा तो पहिला सोहळा जेमतेम १५ मिनिटांत उरकला होता आणि निकाल तर तीन महिने आधीच जाहीर झाले होते. आता साडेतीन तास सहज जातात. विजेत्याला बोलायला ४५ सेकंद देतात. त्यातली बरीचशी एजंटचे आभार मानण्यात जातात आणि आईचे नाव येईपर्यंत वाद्यवृंद सुरू होतो.

वेशभूषा, संकलन, ध्वनी हे विभाग आले की नवशिके आंघोळ उरकून घेतात. तसे करू नये. चित्रपट संपल्यावर आपण चपला शोधत असताना पडद्यावरून जी नावे सरकून जातात, ती माणसे इथे समोर येतात. कोल्हापूरच्या भानू अथय्या १९८३ साली 'गांधी'च्या वेशभूषेसाठी अशाच उभ्या राहिल्या. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पुढे ती मूर्ती नीट जपली जावी म्हणून २०१२ साली त्यांनी ती अकादमीकडेच सोपवली. माझ्या मते, बाकी सगळा सोहळा गाळून फक्त हे विभाग दाखवले तरी चालेल. (नट्यांचे पोशाख मात्र ठेवावेत. घरच्यांना तेवढेच पाहायचे असते.)

दिवंगतांना आदरांजली वाहताना कागद-पेन्सिल जवळ ठेवावी. २०२१ साली त्यात इरफान खान आणि भानू अथय्या दोघेही होते, तेव्हा आपण गहिवरलो. २०२२ साली लता मंगेशकरांचे नाव गाळले, तेव्हा आपण खवळलो. ज्यांच्या मताला आपण काडीची किंमत देत नाही, त्यांच्यावर एवढे रागवायचे कशाला, असे कोणी विचारले तर उत्तर देऊ नये. 'श्वास'ला ऑस्करपर्यंत नेण्यासाठी वर्गणी गोळा करणारा आपला मुलूख आहे. नामांकन काही मिळाले नाही. पुढे 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट'लाही नाही. २०२३ साली 'नाटू नाटू' जिंकले, त्या सकाळी मात्र तुच्छतेला अर्ध्या दिवसाची सुट्टी द्यावी लागली.

टीव्ही शेवटपर्यंत बंद करू नये. २०१७ साली चुकीचा लिफाफा हाती पडून 'ला ला लँड'चे लोक भाषणे करत होते आणि पुरस्कार होता 'मूनलाइट'चा. ज्यांनी आधीच उठून दात घासायला घेतले, ते अजून हळहळतात.

सोहळा संपला की भांडायला सुरुवात करावी, पण एका अटीवर. २००२ साली 'लगान' हरला, तेव्हा त्याला हरवणाऱ्या 'नो मॅन्स लँड'ला आपण घरोघरी नावे ठेवली. पाहिला होता कोणी? बोस्नियाच्या युद्धात दोन शत्रूसैनिक एका खंदकात अडकतात आणि तिसरा सुरुंगावर पडून असतो. हलला तर सगळेच संपणार. दानिस तानोविचचा हा चित्रपट आजही अस्सल आहे. तुम्ही अजून पाहिला नसेल, तर पुढच्या सोहळ्याआधी तेवढा पाहून घ्या.