कशावर चालतं?

पुण्या-मुंबईचा माणूस गढवालात चढायला लागला की दोन गोष्टी त्याला हमखास भेटतात. एक मॅगी आणि दुसरी कंडाली. मॅगीला पैसे पडतात. कंडाली फुकट मिळते, न मागता मिळते आणि थेट पोटरीवर मिळते.

कुमाऊंत हिला सिसूण म्हणतात, बाकीचे बिच्छू घास म्हणून मोकळे होतात. खाजकुयलीत लहानाचा मोठा झालेला कोकणी माणूस आधी हिला मोजतच नाही. पण खाजकुयली नुसती नाचवते, ही भाजते. पानाच्या आणि देठाच्या अंगावर पोकळ केस असतात, त्यांचं टोक काचेसारखं ठिसूळ. हात लागला की टोक मोडतं आणि हिस्टामिन, ॲसिटिलकोलिन वगैरे सगळा माल कातडीखाली उतरतो. दवाखान्यातली नर्स निदान ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल’ एवढं खोटं तरी बोलते. इथे तेवढंही सौजन्य नाही. पहाडात पोरांना वठणीवर आणायला या पाल्याचा नुसता धाक पुरतो म्हणे. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

आणि हीच बया संध्याकाळी आपल्या ताटात येते!

आम्ही उतरलो होतो त्या घरची दीदी एका हातात चिमटा आणि एका हातात विळा घेऊन गोठ्यामागे गेली. चिमट्यात शेंडा धरायचा, विळ्याने छाटायचा, टोपलीत टाकायचा. कोवळे शेंडेच घ्यायचे, जून पानाला हात लावायचा नाही. हात लावायचा नाही हे तर एरवीही खरंच. पाणी उकळलं, शेंडे आत गेले आणि दोन मिनिटांत त्यांची सगळी मस्ती उतरली. केस लुळे पडले की डंख संपतो. मग पाला घोटून, तांदळाचं पीठ लावून दाटसर केला आणि वरून जख्याची फोडणी. जख्या म्हणजे आपल्याकडे रानोमाळ माजणाऱ्या पिवळ्या तिळवणीचं बी. तडतडतं मोहरीसारखं, पण दाताखाली मोहरीहून कुरकुरीत लागतं. सोबत मंडव्याची, म्हणजे चक्क आपल्या नाचणीची भाकरी. चव? पालकाला थोडा स्वाभिमान असता तर तो असा लागला असता.

पण आमच्या गटात आप्पा होते. बँकेतून निवृत्त, सोबत काकू. मराठी माणसाला कुठलाही पाला दाखवा, तो ‘कसा लागतो’ असं विचारत नाही, ‘कशावर चालतं’ असं विचारतो. आप्पांनीही तेच विचारलं. लोह आहे, कॅल्शियम आहे, प्रथिनंही बऱ्यापैकी आहेत, इथवर ते कंटाळलेलेच होते. जर्मनीत हिच्या मुळांचा अर्क प्रोस्टेट वाढल्यावर लघवीचा त्रास कमी व्हावा म्हणून देतात, हे ऐकताच खुर्ची पुढे सरकली. इंग्लंडात 2000 साली अंगठ्याच्या सांधेदुखीवर एक प्रयोग छापून आला होता. 27 रुग्णांनी आठवडाभर रोज हा पाला दुखऱ्या जागी टोचून घेतला, वेगळ्या आठवड्यात डंख नसलेला पालाही लावून पाहिला आणि डंखवाल्याने दुखणं जास्त कमी झालं. यावर आप्पांनी काकूंच्या गुडघ्यांकडे ज्या आशेने पाहिलं, त्याला काकूंनी नजरेनेच उत्तर दिलं. 27 माणसांवरून साऱ्या जगाचे गुडघे बरे होत नाहीत, हे मी म्हणालो, पण तोवर आप्पांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं. तिबेटचे संत मिलारेपा गुहेत वर्षानुवर्षं हाच पाला खाऊन हिरवे पडले अशी कथा आहे, चित्रांतही त्यांना हिरवट रंगवतात. हे सांगितल्यावर मात्र आप्पांनी तळहात दिव्यापाशी नेऊन पाहिले.

एक गोष्ट गमतीत घालवू नका. हिच्यात ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असतं. रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या, विशेषतः वॉरफरिन, चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या भाजीचा रतीब लावू नये.

बाकी, कंडालीला लागते शेणामुताची, नायट्रोजन-फॉस्फेटने माजलेली जमीन. म्हणून ती एकान्तात कमी आणि गोठ्यामागे, घरामागे, पडावाच्या आडोशाला जास्त उगवते. तेव्हा पहाडात गेलात तर कंडालीचं साग मागून खा, आणि रात्री तंबूबाहेर आडोसा शोधायची वेळ आली तर बसण्याआधी बॅटरी मारून बघा.