आमिषपंडित

आमिषपंडित अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः न्यू जर्सीत, मे ते सप्टेंबर या काळात आढळतो. एडिसन-पार्सिपनीच्या मराठी वस्तीतही त्याने आता बऱ्यापैकी मूळ धरलं आहे. सोमवार ते शुक्रवार तो संगणकापुढे असतो आणि शनिवारी पहाटे सँडी हूकच्या वाळूवर. तो फ्लाउंडर पकडायला जातो, असा घरच्यांचा समज असतो. खरं तर फ्लाउंडरला काय आवडतं हे ठरवायला तो जातो, आणि त्यात सकाळ कधी सरते ते कळत नाही.

मासा बिचारा साधा असतो. समर फ्लाउंडर हे त्याचं पुस्तकी नाव. किनाऱ्यावर सगळे त्याला फ्लूक म्हणतात. आपल्याकडच्या लेपासारखा चपटा, पण तोंड मोठं आणि दात तीक्ष्ण. पिल्लू असताना त्याचे डोळे चारचौघा माशांसारखे दोन बाजूंना असतात. वाढता वाढता उजवा डोळा सरकत डाव्या अंगाला येतो. मग उजवी कूस तळाला टेकवून, अंगावर वाळू घेऊन, रंगही वाळूसारखा करून तो पडून राहतो आणि पाण्याच्या ओढीबरोबर जे तोंडासमोरून जाईल त्यावर झडप घालतो. तेव्हा आमिष तळालगत असावं, हलतं असावं आणि पाणी वाहतं असावं, एवढं सांभाळलं की पुष्कळ झालं. पण एवढ्यावर पंडिताचं भागत नाही. मासाच चोखंदळ नसेल, तर पांडित्य करायचं कशावर?

पहिला मान जिवंत आमिषाचा, म्हणजे किलीचा. खाडीतला हा बोटभर मासा भलताच चिवट. ओल्या शेवाळात गुंडाळला तरी बराच वेळ तग धरतो. दुकानदार जाळीने सरसकट उपसून देतो, ते पंडिताला पसंत नसतं. तो बाही वर करून टाकीत हात घालतो आणि बाजारात भेंडी निवडावी तशी एकेक किली पारखून घेतो. किली ओठांतून गळाला लावावी म्हणजे ती सरळ पोहते, हे त्याचं म्हणणं मात्र सोळा आणे खरं आहे.

दुसरं आमिष माकुळाचं. चार-पाच इंचांची पट्टी, गळाकडे निमुळती, शेपटाकडे मधोमध चिरलेली. वेडीवाकडी कापली तर पाण्यात गरगरते आणि दोरीला पीळ पडतो, म्हणून पंडित ती स्वयंपाकघरात, चांगल्या सुरीने, पट्टी ठेवून कापतो. या पट्ट्या फ्रीझरमध्ये खोवलेल्या नारळाच्या पिशवीशेजारी जातात. त्यावरून "अहो, यातलं मोदकांचं कुठलं?" असा प्रश्न निदान गणपतीत तरी येतोच. गावाहून सहा महिन्यांसाठी आलेली आई मालवणकडची असेल, तर मामला आणखी चिघळतो. इतकं ताजं माकूळ आधी माणसांना की माशांना, या तिच्या प्रश्नाला पंडिताकडे उत्तर नसतं, आणि त्या शनिवारी तो रिकाम्या डब्याने निघतो.

कृत्रिम आमिषांत बकटेल श्रेष्ठ: शिशाचं डोकं, त्याला बांधलेले हरणाच्या शेपटीचे केस. किनाऱ्यावरून अर्धा ते एक औंस वजन पुरतं. ओढ वाढली की वजन वाढवायचं, म्हणजे तळ सुटत नाही. रंगावर पंडितांत दोन पंथ आहेत, पांढरा आणि पोपटी. गढूळ पाण्यात पोपटी उठून दिसतो, निवळशंख पाण्यात पांढरा चालतो. पण पाणी गढूळ की निवळ हे ठरवायला पंडित गुडघाभर पाण्यात उभा राहतो, दोन्ही रंग आलटून पालटून बुडवतो, शेजाऱ्याचं मत घेतो आणि ते खोडून काढतो. एव्हाना भरती पुरी होऊन पाणी थांबलेलं असतं. पाणी थांबलं की फ्लूकची भूकही थंडावते. पंडित मात्र दोष रंगाला देतो.

मासा लागला तर काय, यावरही त्याचा अभ्यास आहे. फ्लूक पुष्कळदा आमिषाची शेपटी तेवढी धरतो. आमिष खरं असेल तर त्याला गिळायला थोडा अवधी द्यावा. बकटेल असेल तर लगेच झटका द्यावा. पंडित नेमक्या क्षणी, आपण काय लावलं होतं, हे आठवत राहतो.

हाती येतो तो बहुधा ‘शॉर्ट’, म्हणजे नियमाने ठरलेल्या लांबीहून आखूड, आणि तो परत सोडावा लागतो. अशा वेळी पंडित १९७५ साली मॉन्टॉकला मिळालेल्या २२ पौंड ७ औंसांच्या विक्रमी फ्लूकबद्दल बोलतो. एवढ्या मोठ्या माशाला तिथे ‘डोअरमॅट’ म्हणतात. पंडिताच्या घरी डोअरमॅट दारातच असतं.

शरदात फ्लूक खोल समुद्राकडे निघून जातो. पंडिताला सुट्टी नसते, कारण वसंताच्या तोंडाशी, पाणी गार असताना, खाडीत विंटर फ्लाउंडर मिळतो. याचे डोळे उजव्या अंगाला, तोंड चिमुकलं. त्याला समुद्री किडे आणि शिंपल्यांचं मांस लागतं, गळही बारीक. जमवलेल्या चार डब्यांतलं त्याला काहीच चालत नाही. पंडित त्याच संध्याकाळी पाचवा डबा मागवतो.