नाटक चालू आहे, फोन नंतर

तिसरी घंटा होते, निवेदन होतं, अंधार होतो. निवेदनात हात जोडून सांगितलेलं असतं, मोबाइल बंद ठेवा. तरी पहिल्या पंधरा मिनिटांत पाचव्या-सहाव्या रांगेतून फोन वाजतोच. तो असतो पर्सच्या तळाशी, चष्म्याच्या घराखाली. चेन उघडली की आवाज दुप्पट. फोन हाती लागतो, पण बंद होत नाही. आधी कुणाचा आहे ते बघायचं, मग तोंडावर हात धरायचा, 'अगं नाटकाला आलेय, बोल पटकन.' सगळं सभागृह तिकीट काढून बसलेलं, आणि डाळीला किती शिट्ट्या करायच्या ते भर प्रवेशात ठरतं. पुरुष मंडळी याहून बरी नाहीत. ती फोन घेऊन खाली वाकतात आणि समोरच्या खुर्चीच्या पाठीशी बोलतात, जणू लाकूड आवाज पिऊन टाकणार आहे.

याला विसरभोळेपणा म्हणायला मी तयार नाही. विसरलेला माणूस ओशाळतो आणि फोन बंद करतो. जो उचलून बोलतो, त्याच्या लेखी आपलं काम मोठं आणि बाकी सगळ्यांची संध्याकाळ किरकोळ. हा सरळसरळ उद्धटपणा आहे.

'मी सायलेंटवर ठेवलाय' म्हणणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. सायलेंट फोन उजेड पाडतोच. मेसेज वाचायला मान खाली गेली की अंधारात तो एकच चेहरा निळा होतो, आणि स्टेजवरून नेमका तोच दिसतो. नटाने तालमीत घासून घासून बसवलेला पॉज असतो, पुढचं वाक्य त्या शांततेवर उभं असतं. सिनेमात रीटेक असतो. इथे गेलेला पॉज त्या प्रयोगापुरता गेला.

2019 मध्ये अभिनेते सुमीत राघवन यांनी नाशिकला प्रेक्षकांतल्या फोनमुळे चालू प्रयोग थांबवला. त्याच वर्षी अभिनेते सुबोध भावे यांनी वैतागून जाहीरपणे लिहिलं, की हे असंच चालणार असेल तर नाटकात काम करणं थांबवणं हाच उपाय. दोघांचं बरोबर होतं. 'आम्ही पैसे मोजलेत' हे उत्तर त्यावर चालत नाही. शेजारच्यानेही मोजलेत, आणि त्याला तुमचा फोन ऐकायचा नव्हता. ज्या रंगभूमीवर 1911 साली मुलीच्या मृत्यूच्या दिवशी बालगंधर्व 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाला उभे राहिले, तिच्यासमोर आपण दोन-अडीच तासांसाठी एक बटण दाबू शकत नाही?

असं काही घडलं की दरवेळी नाट्यगृहात मोबाइल जॅमर बसवायची मागणी होते. जॅमर बसवायला केंद्र सरकारची परवानगी लागते, तो कुणीही दुकानातून आणून भिंतीला लावायची वस्तू नाही. शिवाय त्याने रेंज जाते, स्क्रीनचा उजेड जात नाही. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्याचा हातही खाली येत नाही.

मला जास्त राग येतो तो आजूबाजूच्यांचा. सगळे चुळबुळतात, मागे वळून बघतात, च्यक् च्यक् करतात. 'काका, बाहेर जाऊन बोला' एवढं कुणी म्हणत नाही. आणि एखाद्याने म्हटलंच, तर मध्यंतरात वड्याच्या रांगेत चर्चा होते ती त्याच्याच आगाऊपणाची. सभ्यपणाच्या नावाखाली आपण गप्प बसतो आणि सभागृह उद्धट माणसाच्या हवाली करतो. नटाने प्रयोग थांबवायची वेळ येते, कारण त्याआधी शेजारच्या खुर्चीने तोंड उघडलेलं नसतं. हळू आवाजात, एकदाच, स्पष्ट सांगावं. बहुतेक माणसं ऐकतात.

घरी कुणी खरंच आजारी असेल, डॉक्टरांना रुग्णालयातून बोलावणं येण्याची शक्यता असेल, तर त्यांनी नाटक बघूच नये असं मुळीच नाही. तिकीट काढतानाच दाराजवळची, कडेची खुर्ची मागावी. फोन व्हायब्रेटवर, स्क्रीन उलटी करून खिशात. थरथरला की उठायचं, दाराबाहेर पडायचं, पडदा नीट ओढून घ्यायचा आणि मगच 'हॅलो' म्हणायचं. परत यायचं ते प्रवेश संपल्यावर, अंधारात. टॉर्च न लावता.