गाळ

"तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार. पाच, चार, पाच." डॉक्टर माझ्या तोंडात वाकून आकडे सांगत होत्या आणि कोपऱ्यातली मुलगी ते कागदावर उतरवून घेत होती. आ वासून पडलेल्या माणसाला करण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणून मी छताकडे बघत ऐकत राहिलो. आधी वाटलं, हाउजी चालली आहे. आता कुणीतरी 'पहिली ओळ' म्हणून ओरडेल. मग लक्षात आलं, की 'पाच' म्हणताना डॉक्टरांचा आवाज जरासा खाली येतो, जसा आमच्या मास्तरांचा माझ्या गणिताच्या पेपरापाशी यायचा. फरक एवढाच, की इथं पाचापेक्षा दोन मोठे. जन्मभर जास्त मार्कांच्या मागं पळून दमलेल्या माणसाला उतारवयात असाही एक पेपर द्यावा लागतो, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या हातात एक बारीक, टोकाला बोथट सळई होती आणि तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती अलगद उतरवायची आणि पाणी किती खोल आहे ते बघायचं. एकेका दाताला सहा ठिकाणी. माझे दात अठ्ठावीस (अकलदाढा कधीच गेल्या, त्यानं अकलेत काही फरक पडल्याचं घरात कुणी बोललेलं नाही), म्हणजे एकूण १६८ आकडे. तीनपर्यंत ठीक. चार-पाच आले, की समजायचं, हिरडीनं दाताचा हात सोडायला सुरुवात केली आहे. सगळं मोजून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "काका, नेहमीच्या क्लीनिंगनं नाही भागायचं. डीप करावं लागेल."

आमच्या पिढीला 'खोल' हा शब्द कवितेत भेटायचा. विचार खोल असत, कुणाचे तरी डोळे खोल असत, श्वास तर हटकून खोल असायचा. हा शब्द एक दिवस माझ्या खालच्या दाढेपाशी भेटेल असं वाटलं नव्हतं.

नेहमीचं क्लीनिंग मला ठाऊक होतं. दोन-तीन वर्षांतून एकदा, शक्यतो घरातल्या एखाद्या लग्नाच्या आधी, फोटोंची काळजी म्हणून मी ते करून घेत असे. सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरणारं ते यंत्र शीळ घालतं, पाण्याचे तुषार चष्म्यापर्यंत उडतात, 'चूळ भरा' म्हणतात, आपण भरतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत लख्ख होऊन बाहेर पडतो. पण तो सगळा कारभार मुख्यतः हिरडीच्या वरचा, दिसणाऱ्या दातांचा. डीप म्हणजे हिरडीच्या खाली, दाताच्या मुळावर. तिथं बधिर करायचं इंजेक्शन लागतं, आणि अख्खं तोंड एकदम करत नाहीत. आज उजवी बाजू, पुढच्या आठवड्यात डावी. मुळाला चिकटलेलं खरवडून काढायचं आणि मूळ इतकं गुळगुळीत करायचं, की सुजलेली हिरडी पुन्हा त्याला बिलगून बसेल.

हे ऐकताना मला आजोळची विहीर आठवली. तिच्या पाण्यावर पिंपळाची पानं पडायची. ती रोज सकाळी कुणीतरी काठीला बांधलेल्या जाळीनं काढून टाकायचं, आणि विहीर स्वच्छ आहे असा सगळ्यांचा समज व्हायचा. चार-पाच वर्षांतून एकदा मात्र वैशाखात, पाणी तळाला गेलं, की मामा दोन गडी आत उतरवायचा. घमेली दोराला बांधून वर यायची, काळाभोर गाळ काठावर पसरला जायचा आणि आम्ही पोरं त्यात बोटं घालून खजिना शोधायचो. गंजका पोहरा निघायचा, तुटक्या कानाची कळशी निघायची. एका वर्षी पितळेचं एक फुलपात्र निघालं. त्याच्यावर आजीचं नाव कोरलेलं होतं. आजी आणि तिची थोरली जाऊ, दोघी पुढं आल्या आणि बघत उभ्या राहिल्या. पुढं आईकडून कळलं, की त्या फुलपात्राच्या चोरीवरून दोघींनी अकरा वर्षं एकमेकींच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. थोरलीनं ते उचललं, चुलीपुढं बसून राखेनं घासलं आणि आजीच्या फळीवर नेऊन पालथं ठेवलं. गाळ पुढं शेतात टाकला. त्या वर्षी वांगी चांगली आली.

दातांचा गाळही असाच, आपल्याच पाण्यातून येणारा. जेवल्यानंतर दातांवर जो चिकट पातळसा थर बसतो तो मऊ असतो, ब्रशनं निघतो. राहून गेला, तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरतं आणि दोन-तीन दिवसांत त्याचा दगड होऊ लागतो. मग त्याला कीटण म्हणायचं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या अंगाला ते सर्वांत आधी धरतं, कारण जिभेखालचे लाळेचे झरे नेमके तिथंच उघडतात. श्रीखंडाच्या नुसत्या नावानं ज्या झऱ्याला पाणी सुटतं, तोच झरा पाठीमागं गुपचूप बांधकाम करत असतो.

डेल्फ्टच्या अँटोनी व्हॅन लेव्हेनहूकला मात्र या गाळाची लाज वाटली नाही. १६८३ साली त्यानं स्वतःच्या दातांवरचा पांढुरका थर खरवडला, पाण्यात कालवून आपल्याच हातानं घासलेल्या भिंगाखाली धरला आणि आत इवले जीव वळवळताना पाहिले. हा रोज मिठानं दात घासणारा टापटिपीचा गृहस्थ. आपल्या अख्ख्या देशात माणसं नसतील इतके जीव आपण एका तोंडात घेऊन हिंडतो, असं त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. मग जन्मात कधी तोंड न धुतलेला एक म्हातारा शोधून त्याचेही दात खरवडले. त्या म्हाताऱ्याला काय सांगून राजी केलं असेल, हा प्रश्न मला भिंगापेक्षा जास्त छळतो.

आणि एक बाई आहे, तिचं नाव कुणालाच माहीत नाही. जर्मनीत डालहाइम इथल्या स्त्रियांच्या मठाजवळ तिला पुरलं होतं, नऊशे-हजार वर्षांपूर्वी. तिच्या दातांवरच्या कीटणात संशोधकांना निळे कण सापडले. २०१९ साली ते प्रसिद्ध झालं. तो रंग होता लाजवर्द मण्याचा, त्या काळी अफगाणिस्तानातल्या खाणींतून येणारा अतिशय महागडा. बहुधा ती हस्तलिखितं रंगवत असावी आणि कुंचल्याला टोक आणायला तो ओठांत धरत असावी. तिनं रंगवलेली पानं कुठं गेली कोण जाणे. कीटणानं तेवढा निळा रंग सांभाळला. तिला एखादा चांगला दंतवैद्य भेटला असता, तर आपल्याला काहीच कळलं नसतं.

मंगळवारी उजवी बाजू झाली. इंजेक्शननं अर्धा चेहरा परक्याचा झाला. आधी शीळ घालणारं यंत्र, मग हातातली वाकड्या टोकाची हत्यारं. दुखत नाही, पण आवाज कानातून न येता कवटीच्या आतून येतो. दुधाचं पातेलं खरवडताना आई उलथन्यानं करायची तसा खर्र, खर्र. तेव्हा खरवडीसाठी आम्ही भावंडं वाटी घेऊन रांगेत बसायचो. इथं कुणी बसलं नव्हतं.

शेजारच्या नानांनी आधीच बजावलं होतं, की दात साफ करू नका, ते हलायला लागतात. मी चूळ भरता भरता भीत भीत विचारलं. डॉक्टर हसल्या. "क्लीनिंगनं नाही हलत, काका. ते आधीच सैल झालेले असतात. कीटणानं एकमेकांना धरून ठेवलेलं असतं इतकंच." अशी काही घरं माझ्या माहितीत आहेत. नानांचं त्यांतलं एक, पण ते मी बोललो नाही.

निघताना त्यांनी कापसावर एक कपचा दाखवला. अळशीच्या दाण्याएवढा, काळपट. चष्मा पुसून मी तो बराच वेळ निरखला. निळं काही नव्हतं. पस्तीस वर्षांचा कचेरीतला चहा, जेवणानंतरची सुपारी, टाचण्या लावताना ओठांत धरून ठेवलेल्या पावत्या. रंगच लागायचा तर दुसरा कुठला लागणार? मी तो मागायच्या विचारात होतो. तेवढ्यात मावशींनी ट्रे उचलला आणि कापसासकट पिवळ्या पिशवीत रिकामा केला.

घरी आलो. जीभ सारखी खालच्या दातांमागं जाते आहे. तिथं इतक्या वर्षांची एक भिंत होती, आता फटी आहेत, आणि जीभ दार पुसटसं आठवणाऱ्या पाहुण्यासारखी चाचपडते आहे. चहा उजव्या ओठातून हळूच बाहेर आला. "अहो, शर्टावर सांडतोय," आतून आवाज आला. गार पाणी आणखी काही दिवस झोंबेल म्हणे. दीड महिन्यानं सळई घेऊन पुन्हा सगळे आकडे मोजणार आहेत, आणि त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी जायचं आहे.

डावी बाजू पुढच्या मंगळवारी, सव्वापाचला. तिथले आकडे उजवीपेक्षा वाईट आहेत.