सामना वाचवण्याची काठियावाडी पद्धत

टेनिस बॉलच्या आठ ओव्हरच्या मॅचमध्ये ‘अनिर्णित’ असा निकाल नसतो, हे कर्वेनगरच्या गावठाणातल्या टीमला कोणीच सांगितलेले दिसत नाही. रविवारी सकाळी पाच ओव्हरमध्ये सतरा रन आणि आठ आऊट अशी अवस्था झाली, की ही टीम मॅच वाचवायला लागते. आणि बहुतेक वेळा वाचवतेही.

कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. महर्षी कर्व्यांनी १९०० साली आपला आश्रम इथे हलवला, तेव्हा माळाला तोटा नव्हता, माणसांना होता. आता गाव महापालिकेत आणि माळ सोसायट्यांमध्ये गेला आहे. म्हात्रे पुलाकडून राजाराम पुलाकडे येणाऱ्या डीपी रस्त्यावर लग्नाची लॉन्स मात्र ऐसपैस आहेत. वरातीला नाचायला हिरवळ आहे, फाइन लेगला उभे राहायला नाही. त्यामुळे गावाची इज्जत एका रिकाम्या प्लॉटवर, वाळूचा ढीग आणि सोसायटीची भिंत यांच्यामध्ये पणाला लागते.

तिथली झुंज जवळून पाहण्यासारखी असते. नववा बॅट्समन बोल्ड होतो. अंपायर बॅटिंग टीमचाच असल्याने तो आधी आपल्या कॅप्टनकडे बघतो आणि मग नो बॉल देतो. ‘फुलटॉस होता.’ ‘अरे, टप्पा पडलाय, माती उडाली!’ ‘ती वाळूची.’ पुढच्या बॉलला तो पुन्हा बोल्ड होतो. हा ट्रायल बॉल असल्याचे निघते. मग कॉमन खेळाडूची बॅटिंग अजून बाकी असल्याचे कोणाला तरी आठवते. तोही गेल्यावर बॉल भिंतीपलीकडे मारण्यात येतो. पहिल्या मजल्यावरचे काका तो परत देत नाहीत, हा या टीमचा सर्वांत भरवशाचा फील्डर. एवढे करूनही समोरच्यांनी खिशातून दुसरा बॉल काढलाच, तर स्टंप ज्याच्या मालकीचे आहेत त्याला अचानक क्लास असतो.

याला कोणी रडीचा डाव म्हणू नये. या पद्धतीला रणजी करंडकाची परंपरा आहे आणि तीही पुण्यातलीच.

डिसेंबर १९४८. पूना क्लबचे मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. पाहुणे २३८ धावांत आटोपले. मग भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले आणि थांबेचनात. कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावा जोडल्या. तिसऱ्या दिवशी महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. डॉन ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम नाबाद ४५२, म्हणजे दहा धावा हव्या होत्या. विश्रांतीच्या वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी एवढ्या धावा पुरे झाल्या असे ठरवले. दोन ओव्हर खेळू द्या, मग डाव घोषित करतो, असे यजमानांनी विनवल्याचे सांगतात. ठाकोरसाहेबांनी सामना सोडला आणि टीम घेऊन ते निघून गेले. आपल्याविरुद्ध विश्वविक्रम झाला अशी नोंद त्यांना नको होती. विक्रम टळला, स्टंप मात्र यजमानांचे असल्याने जागेवरच राहिले.

दुसरी परंपराही पुण्यातलीच, पण ती फारशी रुजली नाही. तीनच महिन्यांनी, मार्च १९४९ मध्ये, महाराष्ट्राची मुंबईशी गाठ पडली. मुंबईने ६५१ केल्या, महाराष्ट्राने ४०७. मुंबईने पुन्हा ७१४ करून ९५९ धावांचे आव्हान ठेवले. तेव्हा महाराष्ट्राच्या कोणालाच क्लास नव्हता. मधुसूदन रेगे यांनी सामन्यातले स्वतःचे दुसरे शतक ठोकले आणि संघ चौथ्या डावात ६०४ पर्यंत गेला. हरला ३५४ धावांनी. सात दिवसांत झालेल्या २३७६ धावा हा प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातला विश्वविक्रम ठरला. सात दिवस उन्हात उभे राहून शेवटी हरायचेच असेल, तर उपयोग काय, असा गावठाणातला सवाल आहे.

साहेबाच्या देशातही फार वेगळे चित्र नाही. २००९ मध्ये कार्डिफला इंग्लंडची शेवटची जोडी, अँडरसन आणि पानेसर, ६९ चेंडू टिकली आणि कसोटी वाचली. पण त्या धडपडीत इंग्लंडचा बारावा खेळाडू हातमोजे घेऊन दोनदा मैदानात आला आणि ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॉंटिंग भडकला. कर्वेनगरात हातमोजे नसल्याने चपला बदलून वेळ काढतात.

या सगळ्यामुळे गावठाणाची टीम यंदा एकही मॅच हरलेली नाही. जिंकलेलीही नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येक रविवारपुढे ‘मॅच अपूर्ण’ एवढीच नोंद आहे.

कॅप्टनने पुढच्या वेळी स्टंप उपटण्याआधी जुने स्कोअरकार्ड मात्र एकदा बघावे. पूना क्लबवरचा तो सामना अपूर्ण म्हणून नोंदलेला नाही. महाराष्ट्र जिंकला, काठियावाड हरले. नाबाद ४४३ ही आजही प्रथम श्रेणीत भारतीयाची सर्वोच्च खेळी आहे. आणि ती खेळणाऱ्या निंबाळकरांना अधिकृत कसोटी एकदाही खेळायला मिळाली नाही.