पाठमोरी छत्री

मामाच्या मॅटाडोरमध्ये सगळं होतं. समोरासमोरच्या दोन बाकांची रात्री गादी व्हायची, गादीखाली पाण्याचे कॅन, मागच्या दाराला स्टोव्ह ठेवायची घडीची फळी, बारा व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टर आणि इन्व्हर्टरवर चौदा इंची टीव्ही. आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं ही गाडी माल आणि माणसं वाहायला काढली होती. मामानं निवृत्त झाल्यावर तिच्यात बिऱ्हाड थाटलं. (सरकारला कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण सुचलं २०२१ साली. मामा दहा वर्षं आधीचा.) अडलं होतं ते छत्रीपाशी. दूरदर्शनची फुकटातली छत्री, तेव्हाची डीडी डायरेक्ट प्लस आणि आताची फ्री डिश, कोथरूडच्या गच्चीत भिंतीला बोल्ट मारून बसवलेली.

"गाडीबरोबर गच्ची नेता येत नाही," असं म्हणून मामीनं विषय संपवला आणि कुकर लावला. मामानं वही काढली.

निमित्त मोठं होतं. २ एप्रिल २०११, शनिवार, वानखेडेवर वर्ल्ड कपची फायनल, सोमवारी पाडवा. तीन दिवस गुहागर ठरलेलं. समुद्रही हवा आणि मॅचही.

बुधवारी मामा मला जुन्या बाजारात घेऊन गेला. तिथं दोन तास फिरून त्यानं निवडला एका पेडेस्टल पंख्याचा पाय. पंखा केव्हाच मेलेला, पण खालची बिडाची बैठक अशी दणकट, की रिक्षावाल्यानं तिचं वेगळं भाडं मागितलं. बोहरी आळीतून दीड इंची जीआय पाइप आणला. पायात पाइप घातल्यावर फट उरली, ती सायकलच्या ट्यूबनं भरली. मी जरा नाक मुरडलं, तर मामानं थेट रेडिओ-दुर्बिणीवाल्या गोविंद स्वरूपांचं नाव काढलं. "अरे, ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी काढून टाकलेल्या सहा-सहा फुटी बत्तीस डिश त्या माणसानं इकडे आणवल्या आणि १९६५ साली कल्याणला उभ्या केल्या. पुढे आपल्या नारायणगावजवळ खोडदचा पसारा मांडला. सुरुवात सेकंडहँडचीच!"

खोडदची दुर्बीण हे मामाचं पंढरपूर. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना आणि त्यांना पत्रा नाही, तारेची जाळी, म्हणजे वारा आरपार. विज्ञान दिनाला तिथं जाऊन आल्यापासून मामाला सगळीकडे जाळ्या दिसायच्या. आमच्या छत्रीचाही पत्रा कापून जाळी ठोकावी असं त्याच्या मनात आलं होतं. पण खोडदला येणाऱ्या लहरी वीतभर ते काही मीटर लांबीच्या, म्हणून तिथं मोठी भोकं चालतात. टीव्हीच्या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटरच्या. त्यांना दोन-तीन मिलिमीटरची भोकं लागतात. एवढ्या बारीक भोकांची जाळी घरात कुठे आहे, याचा विचार करता करता मामाची नजर स्वयंपाकघराकडे गेली. मामीनं पिठाची चाळणी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

मग गच्चीत तालीम. मामा छत्रीशी, मी टीव्हीशी, मधे तीन मजले.

"आलं का?"

"नाही!"

"आता?"

"आलं होतं, गेलं!"

आमचा उपग्रह उभा असतो विषुववृत्तावर, साडेत्र्याण्णव अंश पूर्वेला. पुण्यातून पाहिलं तर जवळपास नेमक्या आग्नेयेला, एकोणसाठ अंश उंच. "आग्नेय म्हणजे चुलीची दिशा," मामी म्हणाली. मामानं ती पस्तीस हजार सातशे शहाऐंशी किलोमीटर वर असल्याचं सांगितलं. माझ्या मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक, त्याला दोरा, दोऱ्याला नट, असा ओळंबा करून त्यानं छत्री बरोबर एकोणसाठ अंशांवर लावली आणि पडदा निळाच्या निळा. कारण ही छत्री जिकडे तोंड करते तिकडे बघत नाही. पंगतीतल्या माणसासारखं असतं तिचं: मान पानावर, डोळा जिलबी वाढणाऱ्यावर. नजर तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर. हे कळायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या.

गुहागरला पोचलो. वाडीवाल्या काकांनी सरबत दिलं, छत्री उतरताना पाहिली आणि अगदी साधेपणानं म्हणाले, "अहो, पडवीत टीव्ही आहे की आमच्याकडे. चांगला एकवीस इंची."

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामाचा चेहरा बदलला. १९७३ साली सिंहगडावरून प्रक्षेपण सुरू झालं आणि पुण्यातले एरियल गडाकडे तोंड करून उभे राहिले, तेव्हा सदाशिव पेठेतल्या मामाच्या वाड्यात एकच टीव्ही होता, मालकांचा. रविवारच्या सिनेमाला बिऱ्हाडकरूंनी चपला बाहेर काढून बसायचं. भाडं थकलेल्यांनी उंबऱ्यापाशी. मामा तेव्हा तेवीस वर्षांचा, नोकरीला लागलेला, आणि उंबऱ्यापाशी.

"नको काका," तो म्हणाला, "आमची सोय आहे."

वाडीत माडांची दाटी, म्हणून छत्री गेली पुळणीवर. सुरूच्या बनापासून पुरेशी पुढे, पंधरा मीटर वायर ताणून. अख्खं गुहागर समुद्राकडे तोंड करून बसलेलं आणि आमची छत्री समुद्राला पाठ दाखवून उभी. अडीचला मॅच. टॉस दोनदा झाला, कारण संगकाराचं म्हणणं पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. आम्हाला दोन्ही टॉस स्वच्छ दिसले. मामानं खांद्यावरचा पंचा झटकला.

तीनच्या सुमाराला खारा वारा सुटला. तो येतो समुद्राकडून, म्हणजे छत्रीच्या पाठीत. जन्मभर ज्या पायानं लोकांना वारा घातला, तो पाय वाऱ्यानं तोंडघशी पडला. मामानं त्यावर पाण्याचा कॅन ठेवला, मग दुसरा, मग मला ठेवलं. शेवटी काका स्वतःच गडी घेऊन आले आणि त्यांनी बैठकीवर जांभ्याचे चार चिरे रचले. एकेक चिरा उचलायला दोन माणसं. छत्री हलेना.

तिथं थांबायचं. पण श्रीलंकेच्या दोनशे चौऱ्याहत्तर धावा झाल्या, मधली सुट्टी झाली आणि मामाला वाटलं, सिग्नल बासष्ट टक्के आहे, सत्तर करू. त्यानं क्लॅम्प सैल केला. पडदा निळा झाला, तो परत आला तेव्हा सेहवाग तंबूत होता. दुसऱ्याच चेंडूवर, शून्यावर. ही विकेट मलिंगाच्या नावावर आहे असं रेकॉर्डबुक सांगतं. आमच्या घरात ती मामाच्या नावावर आहे.

त्यानंतर एकेक करून सगळे पडवीत गेले. आधी पोरं, मग माझी बायको, सचिन अठरावर गेल्यावर मामीसुद्धा. मी राहिलो, भाच्यानं कुठे जायचं? रात्री उशिरा धोनीनं कुलसेकराला उचललं, चेंडू वर गेला आणि नेमक्या त्या क्षणी आमच्या पडद्यावर चौकटी चौकटी झाल्या. पडवीतून आरोळी आली. आमच्याकडे तो चेंडू अजून हवेत आहे.

मामा सिग्नलच्या आकड्याकडे बघत होता. "बासष्ट," तो म्हणाला. "एवढ्या वाऱ्यात."

सोमवारी सकाळी गुढीला वेळू मिळाला, पण मॅटाडोरला बांधायला जागा मिळेना. मामीनं पुळणीवर नजर टाकली. छत्री उतरवून तिनं वेळू पाइपात खोवला, उरलेली फट ट्यूबच्या तुकड्यानं भरली, वर खण, साखरेची गाठी, तांब्या. चिरे होतेच.

"जरा कलती हवी रे," ती मला म्हणाली.

मामा गाडीतून कोनमापक घेऊन येत होता.